राजाच्या हातावरचा डाग

मामा गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकानं त्याच्या हातगुणाचं कौतुक केलं. कोणाचा ताप उतरवला, कोणाचं अडलेलं बाळंतपण पार पाडलं. सगळं खरं आहे. पण त्यानं तपासलेला सर्वांत जुना रोगी कोणालाच आठवला नाही. मामाच्या जन्माआधी कित्येक शतकं तो मेलेला होता.

घनसावंगीच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला आमचं गाव. तिथे एका प्राचीन राजाचं ठाणं आहे, मूर्ती असलेलं छोटं देऊळ. गावची बारव त्यानं बांधली आणि आमचं घराणं त्याच्या वंशातलं, अशी समजूत. एका साध्वीच्या शापानं राजाला महारोग झाला, अंगावर पांढरे डाग उठले, ही कथा गुरव दर चैत्री पौर्णिमेला ठाण्यापुढे गात. राजाचं सोंग घ्यायचा मान आमच्या घराचा. मात्र त्या दिवशीच्या पंगतीत आमच्या घरच्या बायकांनी वाढायचं नाही, हीही रीतच. रोग रक्तातून उतरतो म्हणे.

निजामाचा अंमल होता. मी जालन्याला शिकत होते. सुट्टीत घरी आले तर थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, कोपराशी पांढरा डाग उठलेला, आणि टेंभुर्णीकडचं तिचं ठरत आलेलं लग्न अडलेलं. मामा, आईचा धाकटा भाऊ, हैदराबादेत उर्दूतून डॉक्टरी शिकून नुकताच आला होता. त्यानं तिला तपासलं. साधं कोड आहे, कोणाला लागत नाही, म्हणाला. घरच्यांना पटलं, गावाला नाही. 'राजाचाच रोग हाये तो,' म्हटलं की बोलणं संपायचं. मुलाच्या वडिलांचा निरोप आला, पौर्णिमेला दर्शनाला येतो, तेव्हा काय ते सांगतो. ते काय सांगणार, हे सगळ्यांनाच कळत होतं.

"आता राजालाच तपासल्याबिगर तुझी सुटका न्हाई," मामा अक्काला म्हणाला.

तो ठाण्यात जाऊन मूर्ती निरखत बसला. मी सोबत होते. धनुष्य धरलेली बोटं अगदी शाबूत होती. मी हरखले. मामानं मान हलवली. "दगडात कोणाचीच बोटं झडत न्हाईत. हा काही पुरावा न्हाई."

पौर्णिमेला दुपार कलल्यावर कथा सुरू झाली. राजाचं सोंग घेतलेल्या वडिलांच्या उघड्या हातांवर तांदळाच्या पिठाचे डाग काढलेले. दिवटीचं उकळतं तेल राजाच्या डागावर सांडतं, तो प्रसंग आला. वडिलांनी नेहमीसारखी किंकाळी फोडली, हात झटकला. "शाप, शाप," लोक पुटपुटले. मी लहानपणापासून हे पाहत आले होते. मामा पहिल्यांदाच पाहत होता. तो ताडकन उठला.

"गुरव, जरा थांबा. राजा कशापायी ओरडला?"

"भाजलं म्हणून! डॉक्टरसाहेब, एवढं शिकून आले अन् हे इचारून राह्यले?" लोक हसले.

"तेल पडलं कुठं?"

"डागावर. बराबर डागावर. गाण्यातच हाये."

"हे तुम्ही जोडलं असंल."

गुरव भडकले. "माझ्या आज्यानं, पणज्यानं हेच गायलं. बिलकुल फरक न्हाई!"

"मंग तुमच्या गाण्यातल्या राजाला महारोग न्हवता," मामा शांतपणे म्हणाला. "त्या रोगाचा डाग बधिर असतो. तिथं चटका बसला तर माणसाला कळतसुद्धा न्हाई. राजाला तर लगेच कळलं. ते कोड होतं. अन् महारोग असता तरी तो शाप न्हाई, आजार हाये."

शाप म्हणून जी किंकाळी गाव पिढ्यानपिढ्या ऐकत आलं होतं, तिच्यातच राजाची सुटका होती.

मुलाच्या वडिलांनी घसा खाकरला. "राजाचं बराबर हाये, डॉक्टर. पण राजाला थोडंच सून करून न्यायचंय आम्हाला!"

मामानं कापसाची बारीक वात वळली आणि त्यांच्याच हातात दिली. अक्काला पुढे बोलावून डोळे मिटायला सांगितलं. "लावा तुम्ही. डागावर, डागाबाहेर, पाहिजे तिथं."

त्यांनी अवघडून वात टेकवली. अक्का दर वेळी "कळलं" म्हणत गेली. त्यांनी अगदी अलगद, श्वास रोखून, डागाच्या मधोमध ती फिरवली. अक्काला हसू आवरेना.

"पुरे हो मामंजी, गुदगुल्या होऊन राह्यल्या!"

आपण काय म्हणून गेलो ते तिला नंतर कळलं. तिनं पदरात तोंड लपवलं. तोवर सगळं ठाणं हसत सुटलं होतं, गुरवसुद्धा. मुलाचे वडील कानापर्यंत लाल झाले. मग म्हणाले, "आता मामंजी म्हणलीच हाये, तर जेवायला वाढ पोरी. भूक लागलीय."

पंगत बसली. अक्का वरणाचं भांडं घेऊन पुढे आली तेव्हा दोघे-तिघे म्हातारे पत्रावळीवर हात आडवा धरून बसले. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. पहिलं वरण मामंजींना वाढलं. त्यांनी भात कालवला, मोठा घास घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "आण इकडं, अजून आण!"

त्यांना पुन्हा वाढून ती पुढे निघाली. एकेक हात बाजूला होत गेला. ओळीच्या शेवटापर्यंत तिनं वाढलं. मामा शेवटी बसला होता. त्याच्यापाशी पोहोचली तेव्हा भांडं रिकामं झालं होतं.