कंपनीपुढचं गाऱ्हाणं

आमची कंपनी म्हणजे मालवणच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, सर आणि मी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अख्ख्या तालुक्यात कॉम्प्युटर शोधायचा तर बॅटरी घेऊन फिरावं लागलं असतं, आणि आमचे सर विकत होते काय, तर कॉम्प्युटर जलद करणारी फ्लॉपी! डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेल्या फायली ती उचलायची आणि एका ओळीत लावायची. मशीन थोडं जलद व्हायचं, खोटं कशाला बोलू. पण ही उचलाउचल चालू असताना लाइट गेली, की उचललेली फाइल गेलीच. आणि आमच्याकडे लाइट जायला निमित्तसुद्धा लागायचं नाही.

मी सरांना म्हटलं होतं, आधी फायलींची प्रत काढून ठेवू, मग हलवू. सर म्हणाले, "दुप्पट वेळ लागेल. लोक वेगासाठी घेतात आपली फ्लॉपी." त्यांच्यापुरता विषय संपला. माझ्या डोक्यात तो संपेना. डोक्यावरचा पंखा थांबला की एकच विचार: आत्ता कोणाकडे चालू असेल आपली फ्लॉपी? उठायची, खिडकीशी जायची, परत बसायची. सर म्हणायचे, "तुझ्या पायाला भिंगरी आहे का?"

शेवटी व्हायचं तेच झालं. धामापूरच्या वाटेवर एक काजूचा कारखाना होता. तिथे कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी माझ्याकडेच कॉम्प्युटर शिकलेली. तिच्या घरातून ऑफिसात नोकरीला लागलेली ती पहिलीच. तिने आमची फ्लॉपी घातली, लाइट गेली, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या सगळ्या ऑर्डरी गडप! बातमी बाजारभर झाली. मी मासे घ्यायला गेले तर मासेवाली विचारते, "काय गो, तुमची ती फ्लॉपी कॉम्प्युटरातला सगळा खाता म्हणतत, खरा?" बांगडे न घेताच मी घरी आले.

कारखान्याच्या तक्रारीला सरांनी कंपनीचं उत्तर टाइप केलं. आमच्या प्रोग्राममध्ये दोष नाही. वापरणाऱ्याने चुकीचं बटण दाबल्यास कंपनी जबाबदार नाही. वाचून माझं टाळकंच फिरलं.

"सर, तिने कुठलं चुकीचं बटण दाबलं?"

"कुठलं तरी दाबलंच असेल."

"लाइट गेली हो!"

"तू कंपनीची की तिची?" सर म्हणाले आणि उत्तर पाठवून मोकळे झाले.

कारखान्याचे मालक, त्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांनी ते वाचलं आणि मुलीला बजावलं: खरंखोटं ठरेपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, आणि चूक तुझी ठरली तर घरी बसायचं. घरी बसणं म्हणजे काय, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. ती धावत माझ्याकडे आली. पदराने डोळे पुसत एकच विचारत राहिली, "बाय, माझा काय चुकला?" मी तिला सगळं सांगितलं.

सरांना वाटलं, समोरासमोर बोललं की भाऊ शांत होतील. त्यांनी निरोप धाडला: 'आपली गाऱ्हाणी समक्ष मांडावीत, कंपनी येऊन ऐकून घेईल.' सर मूळचे इथलेच, पण मराठी पुण्यात शिकून आलेल्या माणसाचं. तिकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते देवाला, नारळ ठेवून, खणखणीत आवाजात, आणि जमलेली मंडळी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. भाऊ तर गावच्या देवळातले मानकरी. गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच.

आम्ही पोचलो तर कॉम्प्युटरपुढे केळीचं पान, त्यावर नारळ, अगरबत्ती. काजूच्या चिकाने हात काळे झालेल्या बायका दाटीवाटीने उभ्या.

"हे काय?" सर म्हणाले.

"तुमीच कळवलात ना, गाऱ्हाणा समक्ष मांडा म्हणान? चपला भायर काढा," भाऊ म्हणाले.

मला हसू फुटणार होतं. तेवढ्यात भिंतीला टेकून उभी असलेली ती मुलगी दिसली आणि हसू कुठल्या कुठे पळालं.

भाऊंनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरांनी ह्यो नारळ ठेवलो आसा, तो मान्य करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या यंत्राक जी काय इडापिडा लागली आसात, ती भायरच्या भायर घालव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सरांचेही हात जोडलेले. लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडतं. शब्दांकडे लक्ष कोण देतो?

"चूक ह्या चेडवाची आसात, तर तिका शाणी कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिचेही ओठ हलले. मला भडभडून आलं.

"लाइट गेली की फायल गिळता, ही खोड कंपनीच्याच फ्लॉपीची आसा, ती कंपनीक आधीपासून ठावक आसा. ती काढूची बुद्धी तेंका दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज सरांचा. ही गोष्ट भाऊंपर्यंत कशी पोचली, ते मला विचारू नका.

सरांचा चेहरा उतरला. "म्हणजे... मी आपलं गाऱ्हाण्याला व्हय म्हटलं."

"देवासमोर म्हटलात. माका तितका पुरे." भाऊ तिच्याकडे वळले. "जा गो, बस खुर्चेर."

ती खुर्चीकडे गेलीच नाही. सरळ सरांच्या समोर येऊन उभी राहिली.

"देवाक सांगलात. आता माका सांगा."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी बघितलंच नाही त्यांच्याकडे. मग ते पुटपुटले, "चूक आमची होती."

"मोठ्यान सांगा. ह्या सगळ्यांनी इतके दीस माझ्याकडे चोरासारखा बघल्यानी."

सरांनी पुन्हा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग ती खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडायला लागली.