कॉम्प्युटरमधली नदी

सगळी सुरुवात एका डोंगरामुळे झाली. मी उधन्यात साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर उतरवण्याचं काम करते. एकदा जेवणाच्या सुट्टीत सोबतच्या मुलीने मोबाईलवर एका गेमचा व्हिडिओ दाखवला. एक घोडेस्वार लढाई संपवून डोंगरावर चढतो, वारा सुटतो आणि उतारावरचं गवत एका बाजूला झुकतं. तिला लढाई आवडली होती. मी मात्र ते गवत पुन्हा पुन्हा पाहत राहिले. मला तिथे जायचं होतं.

तसा गेम चालेल असा कॉम्प्युटर तयार घेणं माझ्या पगारात बसणारं नव्हतं. सुटे भाग आणून घरीच जोडला तर स्वस्त पडतो, हे कळलं आणि मग मला दुसरं काही सुचेना. घरी जाताना शेअर रिक्षात बसले की डोळ्यांसमोर भाग एकमेकांत बसायला लागत. रंगीत दिवे असलेला कॅबिनेट मनातल्या यादीतून आधीच वगळला. मॉनिटर ऑफिसातून निघालेला जुना घेतला. ग्राफिक्स कार्ड वापरलेलंच घ्यायचं ठरलं.

दुकानदाराने विचारलं, "बेन, भाई माटे लेवानुं छे?"

"ना, मारा माटे," भावासाठी नाही, माझ्यासाठीच, असं मी त्याच्याच गुजरातीत सांगितलं.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते ग्राफिक्स कार्ड दुकानातल्या कॉम्प्युटरला लावून चालवून दाखवलं. ते छातीशी धरून मी घरी आले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मायने पलंगावरची गादी काढून दिली. उघड्या फळीवर मी सगळे भाग मांडले. प्रोसेसर जागेवर ठेवताना श्वास रोखला होता. तो अलगद बसला. वायरी जोडता जोडता दुपार झाली. खिडकीतून येणारं ऊन फळीवरून सरकत भिंतीवर गेलं, तेव्हा मी बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळीच राहिली.

"बळी गयं का व?" माय दारातून म्हणाली.

जळलं असेल तर पुन्हा घेण्याची ऐपत नव्हती. मी सगळं बंद केलं आणि एकेक भाग काढून परत लावला. रॅमची पट्टी एका टोकाला जराशी वर राहिली होती. जोर लावून दाबली तसा 'टक्' आवाज झाला. या वेळी स्क्रीन उजळली. मायने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा ठेवायला गेली.

गेम इंटरनेटवरून उतरायला संध्याकाळ झाली. तेवढ्यात आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडचं गाव सोडून आल्यापासून ते कापडाच्या लूमवर कामाला आहेत. कारखान्याच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून घरात आम्ही सगळेच मोठ्याने बोलतो. मी कामासाठीच मशीन घेतलं असं ते धरून चालले होते. स्क्रीनवर घोडा पाहून ते दारातच थबकले.

"हाई काय शे?"

"गेम शे, आप्पा!" मी ओरडून सांगितलं.

आता रागावतील असं वाटलं. ते चपला काढून माझ्या शेजारी येऊन बसले. मी घोडा पळवत डोंगराकडे निघाले होते. वाटेत नदी लागली. उथळ पाणी, तळाशी गोटे, पलीकडे पिवळी पडलेली झाडं.

"आठेच थांब," आप्पा म्हणाले.

मी तिथेच घोडा थांबवला. पाणी वाहत होतं. पलीकडच्या काठावर एक पांढरा पक्षी उतरला, थोडं चालला, उडून गेला. गेममध्येही संध्याकाळ व्हायला लागली आणि पाण्याचा रंग हळूहळू बदलला. मायने आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. आम्हा दोघांनाही तो उचलायचं सुचलं नाही.

"आवाज येस का पाणीना?" त्यांनी विचारलं.

मी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि आवाज पूर्ण वाढवला. आप्पांनी डोळे मिटले. लूमच्या धुरळ्याचे बारीक धागे अजून त्यांच्या भुवयांवर होते. बऱ्याच वेळाने ते हसले आणि कानांवर हेडफोन असल्याने नेहमीपेक्षाही मोठ्याने म्हणाले, "कितलं चांगलं शे व!"

आता ते स्वतःच खेळतात. लढाई करत नाहीत. कुणी तलवार घेऊन आलं की मला हाक मारतात. मी त्या माणसाला वाटेतून दूर करते आणि खुर्ची परत देते. मग आप्पा एका बोटाने चालायचं बटण दाबून ठेवतात आणि घोडा सावकाश काठाकाठाने जात राहतो. ही नदी कुठून येते ते त्यांना बघायचं आहे. परवा ते दोन टेकड्यांमधल्या धुक्यापर्यंत पोचले होते.