लिहून दिलेली नजर

अमडापूरची मंजुश्री नेमकं काय काम करते, हे समजून घ्यायला तिच्या वडिलांना, पंजाबरावांना, दोन वर्षं लागली होती. एकदा समजल्यावर मात्र ते स्टँडवरच्या हॉटेलात ज्याला त्याला सांगत सुटले. "माही पोरगी सॉफ्टवेअर बनवत नाही वो. बनवनाऱ्यायच्या चुका काढते." स्वतः त्यांनी तीस वर्षं शाळेत घंटा वाजवली होती. चुका काढणारा तो मोठा साहेब, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुण्याच्या एका कंपनीत मंजुश्री दहा वर्षं टेस्टर होती. दवाखान्यांसाठी लागणारं सॉफ्टवेअर ती तपासायची. लॉकडाऊनमध्ये घरी आली आणि त्याच वर्षी तिच्या आईला, पंचफुलाबाईंना, लकवा मारला. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली. वरच्या खोलीत फायबरची वायर आली, इन्व्हर्टर आला, आणि मंजुश्री तिथंच राहिली.

तिची नजर वेगळी होती. एकदा पेशंटच्या नोंदीचं नवं पान तपासताना तिनं मुद्दाम दोन म्हातारे भरले. नाव एकच, आडनाव एकच, गाव एकच, जन्मतारीख दोघांची एक जून. सॉफ्टवेअरनं दोघांना एकच माणूस समजून एकाची औषधं दुसऱ्याच्या नावावर टाकली. पुण्यातले इंजिनिअर म्हणाले, असं कुठं असतं का? तिच्या गावातले निम्मे म्हातारे शाळेच्या दाखल्यावर एक जूनलाच जन्मलेले होते. गोजर आणि गोजरबाई ही एकच बाई असते, हेही तिनंच त्यांना दाखवून दिलं.

रविवारी ती विहारात मुलींना कॉम्प्युटर शिकवायची. अमडापूरच्या, शेजारच्या उंद्रीच्या मिळून दहा-बारा मुली यायच्या. उंद्रीच्या वैष्णवीचा त्या वर्षी नर्सिंगला नंबर लागला होता. तिची आई चांगुणा स्वतः येऊन पायरीवर बसली.

"ताई, तुमी सांगसान तसं करू. पोरगी तुमच्यावानी होतो म्हन्ते."

"हुशार आहे," मंजुश्री म्हणाली. "टेस्टिंगचा कोर्स करू द्या. चुका काढनारं मानूस सगळ्यायले लागते. हे काम कुठी जात नाही."

वैष्णवीनं नर्सिंगची जागा सोडली.

त्याच पावसाळ्यात मंजुश्रीचा मॅनेजर शंतनू यानं कॉलवर सांगितलं की तपासताना ती काय पाहते, का पाहते, ते सगळं लिहून हवंय. नवीन एआय टूल येतंय, त्याला शिकवायला उपयोगी पडेल. मंजुश्रीला शंका आली नाही असं नाही. पण दहा वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं की तुला हे कळतं कसं. चार महिने ती लिहीत होती. एक जूनचे म्हातारे लिहिले. मोबाइल नंबर एकच असलेलं सात माणसांचं घर लिहिलं. अंगठा झिजल्यामुळे मशीन जिला ओळखत नाही अशी बाई लिहिली. जेवताना काही आठवलं की हात धुऊन वर पळायची. त्या चार महिन्यांइतकी खूश ती कधी नव्हती, हे तिला नंतर फार लागलं.

दिवाळीनंतर टूल चालवून दाखवलं. तिला जिथं दोन दिवस लागायचे तिथं त्यानं चहा पिऊन होईस्तोवर यादी काढली, आणि यादीत सर्वांत वर लिहिलं होतं: एकाच गावात, एकाच नावाचे, एक जूनला जन्मलेले दोन पेशंट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या.

जानेवारीत दहा मिनिटांचा कॉल झाला. कधी न पाहिलेली एक बाई गोड आवाजात बोलली. शंतनूनं कॅमेरा बंद ठेवला होता. शेवटी तो एवढंच म्हणाला, "तुझं डॉक्युमेंट खरंच उत्तम होतं, मंजुश्री."

नोकरी गेल्याचं तिनं घरात सांगितलं नाही. रोज दहाला वर जायची, कानाला हेडफोन लावायची. पंजाबराव खालून टीव्हीचा आवाज कमी करायचे. ती अर्ज करत बसायची. सगळीकडे एकच विचारणा होती, स्वतः टूल चालवता येतं का, कोड लिहिता येतो का. ती शिकू लागली. पण जे शिकावं त्याच्यापुढचं काहीतरी महिनाभरात जाहिरातीत यायचं. एका ठिकाणी मुलाखत घ्यायला माणूसच नव्हता. पडद्यावर तिचाच चेहरा, आणि रेकॉर्ड केलेला आवाज प्रश्न विचारत होता. तोच प्रश्न दोनदा आला. सवयीनं तिनं खाली लिहिलं की चौथा आणि सातवा प्रश्न एकच आहे. त्याला उत्तर आलं नाही. मुलाखतीलाही आलं नाही.

मार्चमध्ये एका दुपारी दारात कुरिअरवाला उभा राहिला. लॅपटॉप परत न्यायचा म्हणाला.

"तो माह्या पोरीच्या कामाचा हाय," पंजाबराव म्हणाले. "तुले कोनं पाठवलं?"

"कंपनीनं. कागद पाहा ना, काका."

कागद इंग्रजी होता. त्यांनी वर तोंड करून हाक मारली, "मंजू, हा मानूस काय म्हन्ते पाय वं!"

मंजुश्री खाली आली तेव्हा तिच्या हातातल्या बॅगेत लॅपटॉप भरलेलाच होता. चार्जरची वायर नीट गुंडाळलेली होती. तिनं सही केली. गाडी गेल्यावरही पंजाबराव दारातच उभे होते.

"कदी सुटलं?"

"दोन महिने झाले, बाबा."

"मंग रोज वर बसून काय करत होती?"

"बसत होती."

त्यानंतर ते हॉटेलात जायचे बंद झाले. कुणी वाटेत विचारलंच तर "चालू हाय" म्हणून पुढं व्हायचे.

वैष्णवीचा कोर्स एप्रिलमध्ये संपला. तिनं विचारलं, "ताई, आता कुठी अर्ज करू?" मंजुश्रीनं सगळ्यांना रविवारी विहारात बोलावलं.

"पोरीहो, मी तुमाले चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "मी ज्या कामावर दहा वर्षं जगली ते आता मशीन करते. मीच त्याले शिकवलं. कोनती भाषा शिका, कोनता कोर्स करा, हे मी आता छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. एवढंच सांगते, नुस्तं कॉम्प्युटरच्या भरवशावर राहू नका. हाती असं एखादं काम असू द्या, जिथं मानसाले मानूसच लागते."

मागून वैष्णवीनं विचारलं, "म्हंजे नर्सिंग ना, ताई?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. मंजुश्रीनं होकारार्थी मान हलवली.

वैष्णवीनं पुन्हा फॉर्म भरला, पण त्या वर्षी तिचा नंबर लागला नाही. शेगावच्या एका लॉजच्या काउंटरवर ती आता भक्तांची आधार कार्डं पाहून खोल्या देते. चांगुणा रस्त्यात भेटली की "जय भीम, ताई" म्हणते, थांबत मात्र नाही. त्या बोलण्यानंतरच्या रविवारी विहारात तिघीच आल्या होत्या, त्याच्या पुढच्या रविवारी कुणी आलं नाही.

पावसाळा संपता संपता मंजुश्रीला काम मिळालं. कंत्राटाचं, एका वेगळ्याच कंपनीचं. त्यांच्या टूलनं शोधलेल्या चुका तिच्यापुढं यायच्या. तिनं बरोबर की चूक एवढंच सांगायचं. चूक असेल तर कारण लिहायचं. पहिल्या आठवड्यात तिनं कारणाचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवला. निरोप आला, कारण सक्तीचं आहे. मग तिनं दोन शब्दांत उरकून पाहिलं. तेही तिला जमेना. अर्धवट लिहिलेलं पुसून ती पूर्ण लिहायची, उदाहरणासकट. सुरुवातीला टूलची शंभरात वीस उत्तरं चूक निघायची. तीन महिन्यांनी चार निघू लागली.

एका सकाळी मेल आला. पुढच्या महिन्यापासून तपासायला कमी माणसं लागतील, यादी नंतर कळवू.

या वेळी तिनं लपवलं नाही. खाली येऊन वडिलांना सांगितलं. पंजाबराव पंचफुलाबाईंच्या खाटेजवळ बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "तिकडून धर, तुह्या मायले कुशीवर करू."