निकमांना झोप लागेल असं बेट

ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात. एक काढायला जावं तर पाच-सहा अंगावर कोसळतात! आज मी फक्त निकमांचे काढतोय. आणि आधीच सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. देवाशप्पथ.

म्हणजे, निकमांचं नाव निकम नव्हतं. काही ठिकाणी मी स्वतः हजर नव्हतो. एक-दोन ठिकाणी कुणीच हजर नव्हतं. पण तेवढं सोडलं तर शब्द न् शब्द!

*

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वाशीला एका मिठाईच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. मालक खानविलकर, त्यांना सगळे शेठ म्हणायचे. काउंटरला सबनीसबाई, आणि तिकिटं-व्हिसाच्या धावपळीला मी, देसाई. आमचा धंदा म्हणजे अष्टविनायक, केरळ, आणि फारच उडी मारली तर सिंगापूर.

त्या वर्षी शेठना कुठल्याशा प्रदर्शनात ग्रीसची ब्रोशर्स मिळाली. फुकट होती म्हणून पोतंभर आणली. आणि आणलीच आहेत म्हणून बोर्डावर रंगवून घेतलं, 'ग्रीक बेटे ही आमची खासियत.'

आमच्या तिघांपैकी कुणीही घारापुरीच्या पलीकडचं बेट पाहिलं नव्हतं!

बोर्डाचा रंग वाळतोय न वाळतोय तोच निकम जिना चढून आले. तानाजीराव निकम, मूळचे कोरेगावकडचे, कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्र्यांचे आणि प्लेटींचे व्यापारी. दणकट देह, पांढऱ्या मिशा. मागे शालनवहिनी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. निकम खुर्चीत बसले आणि पहिलंच वाक्य बोलले,

"हिला समुद्र पायजे, वाळूचा. आन् मला रातचा धिंगाणा पायजे."

सबनीसबाईंच्या हातातलं पेन खाली पडलं.

"म्हणजे... नाइटलाइफ?" मी हळूच विचारलं.

"त्येच ते. गाणी वाजली पायजेत, लोकं नाचली पायजेत, पार उजाडंपत्तुर. मधी बंद पडाय नको."

बाईंनी दयेनं वहिनींकडे पाहिलं. उलट वहिनीच म्हणाल्या, "आवाज मोठा बगा हां, ताई. बारक्या आवाजानं यांचं भागत न्हाई."

दोघं जिना उतरल्यावर बाईंचा बांध फुटला. "देसाई, या वयात! आणि वर बायकोला बरोबर घेऊन!"

शेठ म्हणाले, "बाई, आपण गिऱ्हाइकाकडे पासपोर्ट मागतो. चारित्र्याचा दाखला नाही."

*

दोन-चार दिवसांनी वहिनी एकट्याच व्हिसाचे फोटो द्यायला आल्या. सबनीसबाईंना राहवेना. चहा पुढे करून त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्हाला हे... चालतं?"

"काय?"

"हेच. त्यांचं रात्रीचं."

वहिनींना उलगडायला जरा वेळ लागला. मग इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की चहा बशीत सांडला.

"अवो ताई, त्यांना नाचायचं न्हाई, झोपायचं हाय!"

निकमांचं घर कळंबोलीला गोदामाच्या वर. खाली ट्रकांचं यार्ड. माल रात्रीच उतरायचा. हॉर्न, हमालांची आरडाओरड, आणि लोखंडाच्या प्लेटी जमिनीवर आदळल्या की भिंतीवरचे देव हलायचे. त्या आवाजात निकम ढाराढूर झोपायचे. आणि जरा शांत झालं की टक्क जागे!

"एकदा यार्डात संप झाला," वहिनी म्हणाल्या, "तर हे गाववाल्याच्या पिठाच्या गिरणीत जाऊन झोपले. सकाळी आले ते पांढरेफेक. सासूबाईंनी वळखलंच न्हाई!"

आम्ही हसलो. वहिनींनी कप खाली ठेवला आणि पदर सावरला.

"म्हाबळेश्वरला गेलो, यांना झोप न्हाई, सकाळी माघारी. गणपतीपुळ्याला तेच. गोव्यात म्हनं लई गोंधळ असतो, पर आमाला दिलेलं हॉटेल निवांत. परत सकाळची गाडी. ताई, मी आजून कुठल्याच गावाची दुसरी रात बगितली न्हाई. पाण्याला पाय लावते न लावते तोवर हे बॅग भरत्यात. आता लेकीचं लगीन झालं. मला सबंद आठवडा, नुसतं, पाण्याशेजारी बसायचंय."

"पण ग्रीसच का?"

"कॅलेंडर हाय आमच्याकडं. पांढरी घरं, निळा समुद्र. वरीस कवाच सरलं, मी काय ते उतरवलं न्हाई."

त्या दिवसापासून सबनीसबाई बदलल्या. मंगळागौरीच्या गाण्यांनीसुद्धा ज्यांचं डोकं दुखायचं, त्या बाई ब्रोशर पुढ्यात घेऊन कुठल्या बेटावर डिस्को जास्त आहेत ते हुडकायला लागल्या!

*

बेट निवडायची बैठक शनिवारी दुपारी ऑफिसात झाली. सबनीसबाईंनी घरून डबाभर कांदेपोहे आणले. "स्थळं बघायची म्हणजे पोहे हवेतच," म्हणाल्या.

पहिलं स्थळ सँटोरिनी. ब्रोशर उघडल्याबरोबर वहिनींचा हात चित्रावर गेला. "हेच! आमच्या सैपाकघरातलं!"

शेठनी घसा साफ करून माहिती वाचली. गाव उंच कड्यावर, समुद्र पार खाली. वाळू काळी.

"काळी?"

"ज्वालामुखीची आहे, वहिनी."

"आन् रातचं?" निकमांचा प्रश्न.

"काही ठिकाणी गाणीबिणी आहेत. पण बहुतेक लोक कड्यावर बसून शांतपणे जेवतात."

'शांतपणे' ऐकताच निकमांचा चेहरा उतरला. वहिनींनी आपल्या हातानं ब्रोशर मिटलं. "ऱ्हाऊ द्या. चित्र भिंतीवरच बरं दिसतंय."

दुसरं मायकोनोस. किनारे सुंदर, धिंगाणा पहिल्या नंबरचा. शेठ मात्र अडखळले. "फक्त काही किनाऱ्यांवर लोक... कपड्यांचा फारसा आग्रह धरत नाहीत."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पोह्यातली मिरची बाजूला काढत म्हणाल्या, "उन्हाचं बरं वाटत असंल त्यांना."

लाजले ते निकम! कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल! "न्हाई, न्हाई! बाजारात कुनी इचारलं काय काय बगितलं, तर काय सांगू?"

तिसरं इऑस. तिथे सगळी कॉलेजची पोरं, आणि पहाटेपर्यंत दंगा. निकम खूश. पण या वेळी वहिनींनी मोडता घातला. "एवढी पोरं घर सोडून आल्याली? मला कुठलं सुख लागायचं! ज्याला त्याला जेवलास का इचारत फिरंन."

चौथं नॅक्सोस. वाळू अशी लांबच लांब की वहिनी खुर्चीच्या टोकाशी आल्या.

"रातचं कसं हाय?"

"निवांत," शेठ म्हणाले.

"निवांत म्हंजी?"

"निवांत म्हणजे... निवांत."

वहिनी परत मागे टेकून बसल्या. सबनीसबाईंनी घाईघाईनं शेवटचं ब्रोशर पुढे सरकवलं.

पारोस. सोनेरी वाळू, उथळ पाणी, आणि नाऊसा नावाचं कोळ्यांचं गाव. "आपलं मोरा बंदर समजा," शेठ म्हणाले. शेठना उपमा नेहमी उरणच्याच सुचायच्या. "फक्त इथे जाळी आवरली की धक्क्यावर नाचगाणी सुरू."

निकमांनी मिशीवरून हात फिरवला. "स्थळ बरं वाटतंय. पर मी नमुना बगितल्याबिगर सौदा करत न्हाई."

*

आता डिस्कोचा नमुना कुठून आणायचा?

सबनीसबाईंनी स्वतः दुकानात जाऊन परदेशी नाचगाण्यांची कॅसेट आणली. दुकानदारानं म्हणे दोनदा विचारलं, "तुमच्यासाठीच ना?" ऑफिसातल्या टेपरेकॉर्डरला दोन स्पीकर जोडले. निकम सोफ्यावर बसले, डोळे मिटून, प्लेटीची जाडी अजमावतात तशा चेहऱ्यानं.

"वाढवा."

वाढवला.

"आजून."

शेठनी आवाज पूर्ण सोडला. टेबलावरचा चहा कपातल्या कपात थरथरायला लागला. शेजारी दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना. ते हातात चिमटा घेऊन धावत आले. "अहो, काय चाललंय! माझ्या पेशंटला ड्रिलचा आवाज ऐकू येत नाहीये!"

मागून पेशंटचा आवाज आला, "राहू दे हो डॉक्टर! तसंच बरं वाटतंय!"

आणि सोफ्यावर निकम चक्क घोरत होते! वहिनी हनुवटीला हात लावून कौतुकानं त्यांच्याकडे बघत होत्या, पाळण्यातल्या बाळाकडे बघावं तशा.

डॉक्टरांसाठी म्हणून बाईंनी टेप बंद केला. निकमांचे डोळे खाडकन उघडले. "का बंद केलं?" मग उठून उभे राहिले. "माल चांगला हाय. करा बुक."

*

हॉटेलला फॅक्स करायचं काम माझ्याकडे आलं. मी स्वच्छ इंग्रजीत लिहिलं की आमच्या पाहुण्यांना डिस्कोला लागून असलेली खोली द्यावी. जितका जास्त गोंगाट तितकं उत्तम.

तिकडून उत्तर आलं, 'समजलो. डिस्कोपासून लांबची खोली देतो.'

मी परत लिहिलं, लांबची नको, जवळची!

उत्तर, 'काळजी नसावी. आणखी लांबची देतो.'

त्या भल्या माणसाच्या डोक्यात हे शिरतच नव्हतं. साठीच्या घरातलं जोडपं गोंगाट कशाला मागेल? देसाई लिहिताना चुकतोय, असं समजून तो बिचारा माझी चूक दुरुस्त करत होता! मी तिसरा फॅक्स मोठ्या अक्षरांत केला. त्याचं उत्तर आलं तेव्हा निकमांचं विमान सुटलं होतं.

'आमच्याकडची सगळ्यात शांत खोली तुमच्या वडीलधाऱ्या पाहुण्यांसाठी राखली आहे. मागे ऑलिव्हची बाग आहे. पुढची बाजू आता पूर्ण भरली.'

शेठनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "बाई, परतीची तारीख बदलून ठेवा. परवा येतील दोघं."

"मी नाही बदलणार," सबनीसबाई म्हणाल्या आणि जेवणाच्या सुट्टीत डबाही न उघडता बसून राहिल्या.

परवा आला, गेला. तेरवाही गेला. जिन्यावर पाय वाजला की आम्ही तिघंही दाराकडे बघायचो. कधी दाताचा पेशंट असायचा, कधी कुरियरवाला. निकम काही आले नाहीत.

*

आले ते सबंद आठवडा काढूनच! वहिनी उन्हानं चांगल्या रापल्या होत्या. निकम खाली पेढे घ्यायला थांबले होते, तेवढ्यात सबनीसबाईंनी वहिनींना खुर्चीत बसवलंच.

"वहिनी, खोली कशी होती?"

"अगं बाई, ती खोली! पानसुद्धा हलत नव्हतं. पहिल्याच राती हे उठून बसले. बॅग भरून दाराशी ठिवली. म्हनले, सकाळची बोट धरू."

"मग?"

"मग मी भायेर आले. वाटलं, येकदा पाणी तरी बगून घ्यावं. तर हाटेलाच्या मागं शेड बांधायचं काम चालल्यालं. लोखंडी पत्रे रचून ठिवलेले." वहिनी आमच्याकडे बघून लाजल्यासारख्या हसल्या. "मी येक वढला. फरशीवरनं."

"रात्री?"

"असा खडखडाट झाला म्हंता! शेरडं वरडाय लागली. हाटेलाचा मालक बॅटरी घेऊन पळत आला. त्याला आपली भाषा न्हाई, मला त्याची न्हाई. मी आसं केलं." वहिनींनी गालाखाली हात ठेवून मान कलती केली, मग खोलीकडे बोट दाखवलं, मग पत्र्याकडे. "लई येळ बगत ऱ्हायला. मग त्यानं बॅटरी खाली ठिवली..."

"आणि?"

"पत्र्याचं दुसरं टोक धरलं."

आमच्या ऑफिसात पहिल्यांदाच असं झालं असेल. फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं.

"दोगांनी मिळून सगळे पत्रे या भिंतीकडनं त्या भिंतीकडं नेले, फरपटत. हे लागले घोराय. दुसऱ्या राती त्या भिंतीकडनं या भिंतीकडं. मग तर त्याची बायकू बी मदतीला याय लागली. चांगली हाय बिचारी. दिवसा आमी दोघी पाण्यात पाय सोडून बसायचो."

"आणि निकमांना कळलं नाही?" शेठनी विचारलं.

"छ्या! ते झोपेत हमालांना सांगत हुते, सावकाश उतरवा रे, कोपरा वाकंल!"

आम्ही टेबलं बडवून हसलो.

*

आता कबूल करतो. यातलं एक वाक्य माझ्या पदरचं आहे. निकम झोपेत हमालांशी बोलले, ते मी घातलंय. सांगताना तिथे लोक हसतात, म्हणून.

वहिनींनी सांगितलं ते वेगळंच होतं. शेवटच्या रात्री पत्रे जागेवर ठेवून, हात धुऊन त्या खोलीत आल्या. निकम भिंतीकडे तोंड करून घोरत होते. घोरता घोरता थांबले आणि म्हणाले,

"शालन, दमलीस. झोप आता."

"झोपेतच बोलले हो," वहिनी आम्हाला परत परत सांगत होत्या.