वाचले, मान्य नाही

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात लाल कापडी बांधणीची एक सूचना वही आहे. प्राचार्य तिच्यात सूचना लिहितात, शिपाई मावशी ती वर्गावर्गात फिरवतात आणि आम्ही शिक्षक चालू तास थांबवून, खडू डाव्या हातात घेऊन आपल्या नावापुढे सही करतो. सही म्हणजे वाचले. वाचले म्हणजे मान्य. एकवीस वर्षं मीही हेच करत आले. त्या वहीत सहीपेक्षा जास्त काही मी एकदाच लिहिलं.

मी अकरावी-बारावीला जर्मन शिकवते. मुलं जर्मन का घेतात याबद्दल माझ्या मनात भ्रम नाही. मार्क पडतात म्हणून घेतात. प्रवेशाच्या दिवशी पालक सरळ विचारतात, "मॅडम, जास्त स्कोरिंग कोणतं, जर्मन का फ्रेंच?" मीही कित्येक वर्षं त्या प्रश्नाला साजेसंच शिकवलं. मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची यादी, तपासायच्या वह्यांची यादी, गावाला जाताना बंद करायच्या खिडक्यांची यादी. तशीच मी एकदा तोंडी परीक्षेची यादी केली: वीस प्रश्न, वीस उत्तरं, पाठपोट एक कागद. माझं कुटुंब, माझं घर, माझी सकाळ. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे 'जर्मन मॅडमचा कागद' म्हटलं की तो न विचारता प्रत काढून द्यायचा. आमचा निकाल उत्तम लागायचा.

टाळेबंदीत सगळ्यांनाच ऑनलाइन शिकवावं लागलं. ती संपल्यावर बहुतेकांनी ते सोडून दिलं, मी ठेवलं. मुलांचे मोबाईल सकाळी गेटवरच्या पेटीत जमा होतात. माझ्या वर्गाचे मी दर गुरुवारी गेटवर सही करून ट्रेमध्ये घेऊन येऊ लागले. मुलं अर्ध्या मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करून मला पाठवायची, ऑनलाइन शब्दकोशात शब्द शोधून त्याचा उच्चार कानाला लावून ऐकायची. मग जर्मनीतल्या एका शाळेतल्या शिक्षिकेशी माझी ओळख झाली. तिच्या आणि माझ्या मुलांनी व्हिडिओ कॉलवर एकमेकांशी बोलायचं ठरलं. आमची दुपार, त्यांची सकाळ.

पहिल्या कॉलला मी प्राचार्यांना मुद्दाम बोलावलं. पडद्यावर तिकडची मुलं दिसली आणि आमची सगळी मुलं खाडकन उभी राहून एका सुरात नमस्कार म्हणाली. तिकडची बिचारी दचकली. मग तिकडच्या एकीनं विचारलं, "तुम्ही आज सकाळी काय खाल्लं?"

पहिली मुलगी म्हणाली, ब्रेड, लोणी आणि जॅम. दुसरा म्हणाला, ब्रेड, लोणी आणि जॅम. तिसरीनंही तेच खाल्लं होतं. यांतली निम्मी मुलं कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्री-पोहे खाऊन, हात पँटला पुसत वर्गात आलेली मी स्वतः पाहिली होती. मग कुटुंबाचा प्रश्न आला. प्रत्येकाला एक भाऊ, एक बहीण आणि एक काळा कुत्रा निघाला. प्रत्येकाचे वडील इंजिनिअर. मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली, "काहून वं, तुह्या घरी कुत्रा कधी आला?"

"कागदातला आहे," दुसरीनं उत्तर दिलं.

तिकडच्या शिक्षिकेनं फार सभ्यपणे विचारलं, "ही सगळी मुलं एकाच घरातली आहेत का?" तिकडचा वर्ग हसला. आमचा वर्ग, प्रश्न न कळल्यामुळे, सभ्यतेनं हसला. प्राचार्य उठून निघून गेले.

कुत्रा मीच घातला होता, शब्द सोपा म्हणून. वडिलांना इंजिनिअर मीच केलं होतं. त्या दिवशी लाज कुणाची गेली असेल तर माझ्या यादीची गेली. तास संपल्यावर मी मुलांना कागद फाडायला सांगितलं. कुणीच फाडेना. परीक्षा तोंडावर होती. शेवटी कुहीहून येणाऱ्या एका मुलानं हात वर केला. "मॅडम, मग खरं सांगायचं? आमच्याकडे सकाळी शिळ्या पोळीचा कुस्करा असते."

"कुस्कराच सांग."

"मार्क कापतीन ना!"

"कापू दे," मी म्हणाले. असं मी वर्गात पहिल्यांदाच बोलले होते.

दोन दिवसांनी मावशी सूचना वही घेऊन दारात आल्या. सूचना अशी: पालकांच्या तक्रारी लक्षात घेता पुढील आठवड्यापासून जर्मन विषयाचा मोबाईल व व्हिडिओ कॉलचा तास बंद करण्यात येत असून तो वेळ तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी वापरावा.

तयारी म्हणजे माझाच कागद. मी पेन उघडलं, सही केली आणि खाली लिहिलं: 'वाचले. मान्य नाही. कारणे:' आणि आकडा घातला, एक.

मावशी वाकून बघू लागल्या. "काहून एवढं लिहून राहिल्या जी? फक्त सही पायजे. मले अजून सहा वर्गांत जायचं आहे."

"पाचच मिनिटं, मावशी."

"सर माह्यावर ओरडतीन."

"सांगा, मॅडमनं वही सोडली नाही."

पाच कारणं झाली. पाचवं होतं, 'ज्या तयारीने मुले स्वतःचे घर विसरतात ती मी करून घेणार नाही.' चूक माझी होती, हेही मी चौथ्या कारणात लिहिलं होतं. लपवायचं काय त्यात?

संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. समोर वही उघडी होती आणि ते चष्मा काढून डोळे चोळत होते. "मॅडम, सूचना वहीत सही करतात. उत्तर नाही लिहीत."

"असा नियम कुठे लिहिलाय, सर?"

"लिहावा लागेल असं वाटलं नव्हतं." मग म्हणाले, "वर्गात मोबाईल देता म्हणून पालक माझ्या डोक्यावर बसतात. तुम्ही जे करता ते बोर्डात विचारतात का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. तरी शिकवायचं."

त्यांनी चष्मा परत चढवला आणि माझी पाच कारणं पुन्हा वाचली. शेवटी म्हणाले, "अजून एक कॉल करा. मी पुढे बसणार. कोणी बोलायचं ते मी ठरवीन. तेव्हाही तीच पोपटपंची दिसली तर तास बंद, आणि तुम्ही तुमचं ते खोडायचं."

"चालेल. पण कागदाशिवाय उभं करीन त्यांना. तयारी काहीच करून घेणार नाही."

आता हे बोलायला सोपं होतं. पुढचे दोन आठवडे माझा हात यादीकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायची. फक्त एक शिकवलं: शब्द अडला तर थांबायचं, मोबाईलवर शोधायचा, पुढे जायचं. गप्प बसायचं नाही.

दुसऱ्या कॉलला प्राचार्य सूचना वही सोबत घेऊनच आले. त्यांनी हजेरीपट उघडला, बोट फिरवलं आणि सत्ताविसावर ठेवलं. सत्तावीस म्हणजे मौद्याहून बसनं येणारी मुलगी. वर्षभरात हजेरीशिवाय तिनं तोंड उघडलं नव्हतं. ती पुढे आली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. तिकडच्या मुलीनं विचारलं, "तू शाळेतून घरी जाताना वाटेत काय दिसतं?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिनं माझ्याकडे मदत मागितली असती. मग तिनं ट्रेमधला आपला मोबाईल उचलला, एक शब्द शोधला, कानाला लावून एकदा ऐकला आणि हळूहळू बोलू लागली. मी बसमध्ये झोपते. रोज झोपते. आमच्या गावाजवळ विजेचा कारखाना आहे. त्याची उंच धुराडी दिसली की मला कळतं, पुढचा थांबा माझा.

क्रियापद दोनदा चुकीच्या जागी बसलं. मी मान खाली घालून ऐकत राहिले.

तिकडची मुलगी पुढे सरसावली. "पण धुकं असेल तर? मग तू कशी उठतेस?"

हे कुठल्याच कागदात नव्हतं. मुलीनं वर छताकडे पाहिलं, ओठ चावला आणि म्हणाली, "मग कंडक्टर उठवतो. रागानं."

तिकडचा वर्ग खदखदून हसला आणि या वेळी आमचाही हसला, कारण या वेळी आमच्या वर्गाला कळलं होतं. मुलीच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की मी चटकन खिडकीबाहेर पाहिलं.

"धुक्याचं पाठ करून घेतलं होतं?" बाहेर पडताना प्राचार्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"हं," ते म्हणाले आणि वही काखेत मारून गेले.

त्या वर्षी तोंडी परीक्षेत चार-पाच जणांचे मार्क खरंच घसरले. पालकसभेत एका वडिलांनी मला त्याबद्दल सुनावलं, मी ऐकून घेतलं आणि कागद परत द्यायला नकार दिला. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन त्याच्याजवळची मूळ प्रतही घेऊन आले. ती आता माझ्या कपाटात आहे. कुत्रा, इंजिनिअर, जॅम, सगळे सुखरूप.

तास सुरू ठेवा असं प्राचार्यांनी कधी लिहून दिलं नाही. मी मागितलंही नाही. ती सूचना आजही रद्द झालेली नाही. वहीच्या त्या पानावर ती आहे, तिच्याखाली माझी पाच कारणंही आहेत, न खोडलेली. मावशी आता माझ्या दारात आल्या की वही देण्याआधी विचारतात, "मॅडम, सही का उत्तर?"

आणि दर गुरुवारी दीड वाजता मी गेटवर जाते, मोबाईलच्या पेटीजवळच्या रजिस्टरमध्ये सही करते आणि ट्रे भरून वर्गात नेते.