याडीची बारीक मासळी

समुद्र शिकवून शिकवून मी थकले आहे. हिंगोलीत राहणाऱ्या बाईनं असं म्हटलं की लोक हसतात. इथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र गाठायला अख्खा दिवस जातो. पण मी शाळेत भूगोल शिकवते आणि सागरी जीवनाचा धडा दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. फळ्यावर मुद्दे लिहायचे: प्लास्टिक, तेलगळती, कारखान्यांचं सांडपाणी, बेसुमार मासेमारी. खाली दुसरं शीर्षक, उपाय. पोरं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत जसंच्या तसं लिहितात, मी पूर्ण गुण देते, आणि समुद्राचं रक्षण तिथंच आटोपतं.

आमच्या घरात मात्र समुद्र पोत्यातून यायचा. माझी आई सुकी मासळी विकायची. आम्ही तांड्यावरचे लोक, आईला याडी म्हणतो. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ लादून समुद्राकडून इकडं आणायचे, असं सांगतात. पुढं बैलांचं काम सरलं, मीठ वाण्याच्या दुकानात आलं आणि तांडा शेतीला लागला. याडी तेवढी खाऱ्या मालाला चिकटून राहिली. हिंगोलीच्या व्यापाऱ्याकडून पोती आणायची आणि पुसेगावच्या, साखऱ्याच्या बाजारात मापानं विकायची, हे तिनं माझ्या जन्माआधीपासून केलं. माझं डी.एड. त्या वासावर झालं. वर्गातल्या मुली माझ्याशेजारी बसायला कुरकुर करायच्या, त्याचा राग मला अजून येतो.

बाजाराच्या आधी मासळी निवडावी लागते. अंगणात ताडपत्री अंथरायची, पोतं उलटं करायचं आणि दोन्ही बाजूंनी बसून हात चालवायचे. लग्न होऊन हिंगोलीला आले तरी रविवारी मी तांड्यावर जायची ती या कामासाठी. लहानपणी निवडताना शिंपले निघायचे, खेकड्याची नांगी निघायची. एकदा अख्खा वाळलेला समुद्रघोडा निघाला, तर मी तो आठवडाभर दप्तरात घेऊन मिरवला. आता निघतात ते नायलॉनचे हिरवे धागे, थर्माकोलचे दाणे आणि गुटख्याच्या पुडीचे कोपरे. पुडी इथून तिकडं गेली की तिकडूनच इकडं आली, हे कुणी सांगावं.

बोंबील वर्षागणिक लहान होत गेले. त्याच वेळी दुसरा एक ढीग मोठा होत गेला. करंगळीच्या पेराएवढे चंदेरी मासे, त्यांना याडी नुसतं ‘बारीक’ म्हणायची. बारीकला फार मागणी. काटा लागत नाही, डोकं काढायला नको, मापात जास्त बसते. शिवाय आमच्या तांड्यांवर बाळंतिणीला ही मासळी भाजून, लसूण-तिखट घालून, कुटून भाकरीबरोबर देतात. त्यानं दूध उतरतं म्हणतात. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी ती खाल्ली, दूध भरपूर होतं, म्हणून मीही पुढं चारचौघींना तोंडभरून सांगितलं. गिऱ्हाईक म्हणायचं, “मावशी, त्या बारीक जातीचं दे.” जशी शेळ्यांत बुटकी जात असते, तशी माशांत ही बारीक जात असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. कोळ्याच्या घरातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. आम्ही केली, आणि भूगोलाच्या बाईसकट केली.

दोनेक वर्षांपूर्वी शाळेची सहल कोकणात गेली. सकाळी पोरांना बंदरावर नेलं. बोटी लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या आणि एका कडेला आमचा बारीकचा ढीग ओलाच्या ओला पडला होता. मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. निवडत बसलेल्या बाईला मी हौसेनं विचारलं, ही कुठली जात? तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग ढिगात हात घालून एकेक उचलून दाखवू लागली. हे पापलेटचं पिल्लू. हे सुरमईचं. हे बांगड्याचं. जवळा तेवढा वेगळा, ती कोळंबी, जन्मभर तेवढीच राहते. बाकी सगळी पोरं.

मग ती बोलत राहिली आणि हात चालवत राहिली. मोठ्या बोटी तळापासून खरवडून नेतात. काहीजण पाण्यावर झगझगीत दिवे सोडतात, मासा उजेडाला गोळा होतो आणि लहान-मोठं सगळं एका जाळ्यात जातं. जाळ्याचे डोळे तर इतके बारीक केलेत की काही सुटतच नाही. खाडीतली झाडं तोडून भराव घातले. त्या मुळ्यांमध्ये मासे अंडी घालायचे, पिल्लं तिथं वाढायची. आता लहान होडीवाल्यांच्या हाताला काही लागत नाही. “मोठा मासा उरला नाही, मग हेच उचलतात,” ती म्हणाली. “वाळवून जातं वर, तुमच्याकडंच.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

परत आल्यावर मी याडीला लगेच काही सांगितलं नाही. कशाला सांगायचं, असं मनाशी घोळवत राहिले. पण एका रविवारी निवडताना पाठ धरली होती, त्यात शाळेचं कुठलंसं सर्वेक्षण डोक्यावर होतं, आणि याडी समोर म्हणत होती की या खेपेला बारीक चांगली आली. मी फाडकन बोलून गेले. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती सगळ्यांना कळायची नाही, म्हणून बाजारात बोलतो त्या मराठीत लिहिते.

“याडी, ही काही जात-बीत न्हाई. मोठ्या माशांची पिल्लं हायेत ही. वाढूच दिली न्हाईत.”

तिचा हात थांबला. “कोण म्हणलं?”

“मी पाहून आले. बंदरावरच्या बाईनं एकेक दाखवलं.”

“मग त्यांची माय कुठं हाये?”

“ती आधीच धरली असंल.”

तांड्यावर एक रीत आहे. करडू आईला पीत असेल तोवर त्याला बाजार दाखवायचा नाही. आता बरेचजण ती पाळत नाहीत, पण याडी त्याबाबत फार कडक. माझे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा एक खाटीक दारात आला होता. घरात ओढाताण होती, तो भाव चांगला देत होता. याडीनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. करडं दूधपिती आहेत, एवढंच ती म्हणाली.

आता ती मुठीतल्या मासळीकडं पाहत म्हणाली, “इतकी वर्षं म्या दूधपितीच विकली म्हणायची.”

“मासे दूध पीत न्हाईत गं,” मी म्हटलं. मास्तरकी अशी नको तिथं तोंडातून निघते. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली.

मग तिनं विचारलं, “तिथं राखण न्हाई का कुणाची? आपण गवताला रान राखतो तसं?”

मी सांगितलं. पावसाळ्यात काही दिवस मासेमारी बंद असते, काही पट्टे राखीव आहेत, कायदे आहेत. राखलं तिथं मासा परत येतो, बंद केलेल्या रानात गवत येतं तसाच. पण समुद्र अफाट आणि राखणारे मूठभर.

“मग जास्त काहून राखत न्हाईत?”

वर्गात हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिनं ढिगातून एक हिरवा धागा ओढून वर धरला. “आन् हे?”

तेही सांगितलं. काही बोटींवरून पडतं, काही नद्यांतून जातं. आपली कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगेचं पाणी पुढं गोदावरीत जातं, गोदावरी पलीकडच्या समुद्रात. म्हणजे मासळी आपण एका समुद्रातून आणतो आणि कचरा दुसऱ्यात धाडतो. हे सांगताना मला आमचं शेत दिसत होतं. हळदीच्या ठिबकच्या फाटक्या नळ्या आणि टरबुजाच्या वाफ्यावरचा मल्चिंगचा प्लास्टिक कागद नवरा दरवर्षी ओढ्याच्या काठाला लोटून देतो, पावसाळ्यात ओढा तो घेऊन जातो, आणि काठ साफ झाला म्हणून आम्हाला बरं वाटतं. एवढं मी याडीला सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला तिनं व्यापाऱ्याला सांगितलं, बारीक नको, मोठा माल दे. तो हसला. “बडा माल आताइच नै अम्मा, येइच लेना पडता.” तिनं अर्धं पोतं बोंबील घेतले, तेही बोटभर लांबीचे, आणि पुसेगावला जाऊन बसली. पुढचे काही बाजार तिनं असेच काढले. गिऱ्हाईक यायचं, बारीक विचारायचं आणि पुढच्या दुकानाकडं सरकायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका बाजारी मी तिच्याबरोबर होते. शेजारच्या तांड्यावरची एक बाई आली. याडीच्याच वयाची, दोघींचं जुनं येणं-जाणं. तिच्या सुनेला नुकतीच मुलगी झाली होती.

“बारीक दे वं मापभर.”

“न्हाई ठेवली. बोंबील ने.”

“बोंबलाचं काय करू? सुनेला दूध उतरून न्हाई राहिलं. लेकरू रडून राहिलं दोन दिवसापासून.”

“माझ्याकडं न्हाई, बाई.”

“साऱ्या तांड्याच्या सुना बाळंतपणातून तुझ्या मासळीवर उठल्या, आन् माझ्याच टायमाला न्हाई व्हय? काहून?”

याडीनं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. दवाखान्यात दाखवा, नर्सताईला बोलवा, असं काहीतरी मी पुटपुटले, ते त्या बाईनं ऐकलंही नाही. शेवटी याडीच म्हणाली, “ती पिल्लं असतात वं. न वाढलेली.”

“मग माझ्या सुनेचं काय हाये? ते पिल्लू न्हाई?”

असं म्हणून ती तरातरा पुढच्या दुकानावर गेली आणि आमच्या डोळ्यांदेखत दोन मापं बारीक घेऊन गेली. जाताना वळून पाहिलं नाही. याडीचा चेहरा पार उतरला. त्या दिवशी तिनं दुपार व्हायच्या आत पोतं बांधलं.

ऑटोत ती म्हणाली, “ती मासळी तर गेलीच ना. समुद्रात तर न्हाई राहिली.”

“न्हाई.”

“मग मी न्हाई म्हणून काय झालं? एका घराशी वाकडं झालं, एवढंच.”

मी म्हटलं, प्रत्येकानं आपल्यापासून सुरुवात केली तर फरक पडतो. पुस्तकातलं वाक्य होतं. ऑटोच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नाही, आणि दुसऱ्यांदा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर ती बाजाराला गेली नाही. बारीकशिवाय दुकान चालत नव्हतं आणि बारीक तिला विकायची नव्हती, असा तो साधा पेच होता. तिच्या जागेवर मोबाइलची कव्हरं विकणारा बसू लागला. याडी घरीच. गुडघे धरले, जेवण कमी झालं. बाजारात दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, आता विचारलं तेवढंच बोलायची. मला माझाच संताप येत होता. एकही बोट थांबली नव्हती, एकही दिवा विझला नव्हता, खाडीत एक झाड परत लागलं नव्हतं. सगळ्या जगात मला थांबवता आली ती एकटी माझी आई, आणि तिच्याकडं एक माप आणि एक पोतं होतं. ज्यांनी समुद्र उपसला त्यांना जाब विचारायला मी कुठं गेले नव्हते.

परवाच्या रविवारी मी तिला स्पष्टच म्हटलं. ती ओसरीवर तुरीचे खडे निवडत होती.

“याडी, जा गं बाजाराला. तुझ्या एका मापानं समुद्र न्हाई आटत. बाकीचे सगळे विकूनच राहिले ना?”

“त्यांना ठाऊक न्हाई,” ती म्हणाली.

“सांगितलं तरी विकतील ते.”

“मला दुसऱ्यांचं काय ठाऊक? मला ठाऊक नव्हतं तवर म्या विकली. आता ठाऊक झाल्यावर कशी विकू?”

तिनं ते मला टोचायला म्हटलं नव्हतं. तिला असं आडून बोलता येतच नाही. तिनं सूप पाखडलं, खडे बाजूला काढले, आणि चहा टाकते का म्हणून मला विचारलं. मी चुलीपाशी जाऊन बसले आणि बराच वेळ पाणीच ठेवलं नाही. फळ्यावरचं ते सगळं मला तर नोकरीला लागल्यापासून ठाऊक होतं. माझं त्यानं काहीच अडलं नव्हतं.