जंगलगाडीच्या वेली

अंबडात कुणालाही विचारा, साहेबराव कुठं भेटेल, तर कोणता साहेबराव, असा उलटा प्रश्न येईल. पण इंजनमामा म्हणा, की पाणीपुरीवाल्यापासून कोर्टातल्या वकिलापर्यंत सगळ्यांचे हात एकाच दिशेला जातील. जुगलबागेकडं.

जुगलकिशोर शेठनं ही बाग लेकरांसाठी केली त्याला आता सदतीस वर्षं होत आली. शेठ सरकीचे व्यापारी, पण माणूस भलता हौशी. राजस्थानात गावी गेले, की येताना एखादा दगडी मोर तरी उचलून आणायचेच. बागेतली जंगलगाडीही त्यांचीच हौस. शेतात पाणी उपसायला असतं तसलं डिझेलवरचं इंजिन, त्याला चार डबे, गोल रूळ आणि रुळाच्या अर्ध्यावर साठ पावलं लांब बोगदा. बोगद्यात सिमेंटचा वाघ, सिमेंटचा हत्ती आणि सिमेंटचं अस्वल. अस्वलाची गंमत अशी, की ते घडवणाऱ्या गवंड्यानं जन्मात अस्वल पाहिलं नव्हतं. त्यानं आपल्या घरची म्हैस डोळ्यांपुढं आणली, तिला मागच्या दोन पायांवर उभी केली आणि शिंगं तेवढी वगळली. अंबडची लेकरं पुढं मोठ्या शहरात जाऊन खरं अस्वल बघून आली, तर तिथलंच खोटं आहे म्हणून सांगायची.

साहेबराव तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. वाघाला पट्टे ओढायला म्हणून शेठनं बोलावला, तो इंजिनावर बसला आणि पुन्हा खाली उतरलाच नाही. चाकांना वंगण घालणं, रूळ झाडणं, अस्वलाचे डोळे रंगवणं, सगळं त्याच्याकडं. हाताखाली कुणी नाही. जेवायची सुट्टी झाली की इंजिनालाच टेकून भाकरी खायची.

किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे अंबडातही मांडणीवरची भांडी वाजली. सकाळी साहेबरावनं पाहिलं तर बोगद्याच्या छताला वीतभर भेग. त्यानं जाऊन शेठला सांगितलं. शेठ हसले.

"जाऊ दे रे. भरून टाक, वरून झाडबिड काढ कायतरी. जंगल हाय ना आपलं?"

साहेबरावनं पांढरं सिमेंट भरलं आणि वरून हिरवी वेल काढली. सात पानं, एक जांभळं फूल. हात पाटी रंगवणाऱ्याचा, त्यामुळं वेल अशी उतरली की भेग कुठं होती हे त्यालाही शोधून सापडेना. पुढच्या पावसाळ्यात दुसरीकडं ओल आली, दुसरी भेग पडली. तिच्यावर दुसरी वेल. मग हा नेमच झाला. पावसाळा सरला, की नवरात्राच्या जत्रेआधी साहेबराव शिडी लावून बोगद्यात शिरायचा आणि बाहेर येईपर्यंत छतावर एक नवी वेल असायची.

लेकरांच्या नजरेतून काय सुटतं? यंदाची वेल आधी कुणाला दिसते, याच्या पैजा लागायला लागल्या. त्यात अण्णासाहेबानं भर घातली. अण्णासाहेब एसटीत कंडक्टर, साहेबरावच्या शाळेतला, एका बाकावरचा. त्याला मुलगी झाली त्या साली तो बाळबाळंतिणीला घेऊन डब्यात बसला आणि बोगद्यात ओरडला, "ही यंदाची वेल आमच्या पोरीची!" झालं. त्या दिवसापासून ज्याच्या घरी लेकरू होईल त्यानं पहिल्या दिवाळीच्या आत त्याला गाडीत बसवायचं आणि त्या सालची वेल दाखवायची, असा अंबडात रिवाजच पडला. लग्न ठरलेल्या पोरी सासरी जायच्या आधी आपल्या वेलीखाली फोटो काढून घ्यायच्या. परदेशी निघालेला एक इंजिनीअर तर विमानाची वेळ गाठायची सोडून बोगद्यात मान वर करून उभा होता.

वेल दरवर्षी का वाढते, हे कुणी विचारलं नाही. मामा मायेनं काढतो, असं सगळ्यांनी धरलं. ऐकून ऐकून साहेबरावलाही तसंच वाटायला लागलं होतं, ही खरी गोष्ट.

शेठ वारले. बाग नातवाकडं आली. जिनेंद्र पोरगा गुणी, मोठ्या माणसाला नमस्कार केल्याशिवाय पुढं न जाणारा. यंदा उन्हाळ्यात तो कागदाची गुंडाळी घेऊन आला आणि त्यानं ती इंजिनाच्या टपावर पसरली.

"मामा, जंगल आता जुनं झालं. आपण अंतराळ करून राह्यलो. इथं रॉकेट, इथं शनी, अस्वलाच्या जागी चंद्रावरचा माणूस. आतून सगळे लाइट."

"आन् वेली?"

"अंतराळात वेली कशा असतील मामा?"

ही बातमी दोन दिवसांत गावभर झाली. साक्षी म्हणून हायस्कुलात शिक्षिका आहे, तिनं मोबाइलवर 'आपली जंगलगाडी' नावाचा ग्रुप काढला. आठवड्यात त्यात चारशे माणसं. पुण्या-मुंबईला गेलेले, परदेशातले, सगळे आपापल्या वेलीचे फोटो टाकायला लागले. दर रविवारी बागेतल्या चहाच्या टपरीवर ग्रुपची बैठक. रॉकेटच्या बाजूचेही काही कमी नव्हते. त्यांचा पुढारी सोमेश्वर, मोबाइल दुरुस्तीवाला.

"अण्णा, तुमच्या अस्वलाला लेकरं म्हैस म्हनून राह्यलीत," सोमेश्वर म्हणायचा.

"मंग म्हशीवर प्रेम हाय आमचं. तुझ्या चंद्रावर दूध मिळतं का?"

"जग कुठं गेलं, आन् तुम्ही बोगद्यातच!"

"तुला चंद्राचे खड्डे पाह्यचे तर आमच्या गल्लीत ये. तिकीट न्हाई लागत."

साक्षी दोघांना गप्प करायची. "वाघ बदला, हत्ती बदला, मला काही म्हणायचं नाही. पण वेलींना हात लावायचा नाही. माझी आई गेली तेव्हा मी या बोगद्यात येऊन बसले होते. तिनं दाखवलेली वेल आहे ती."

साहेबराव कोपऱ्यात बसून ऐकायचा. कुणी त्याला विचारलं, मामा, तुमचं काय म्हणणं, तर म्हणायचा, "मालक म्हणतील तसं." त्यावर सगळे हळहळायचे. बिचारा, नोकर माणूस, कसा बोलेल?

श्रावणात एका मंगळवारी दुपारी बागेत चिटपाखरू नव्हतं. साहेबराव रिकामी गाडी फिरवून बघत होता. बोगद्यात धाडकन आवाज झाला. बाहेर आल्यावर त्यानं पाहिलं, तिसऱ्या डब्याच्या बाकावर नारळाएवढा सिमेंटचा ढेपा पडला होता. बाकाची फळी मधोमध चिरली होती. तो आत गेला. छतातली सळई उघडी पडली होती, गंजानं फुगून एका बोटाची दोन बोटं जाड झालेली. त्यानं हातानं आजूबाजूला ठोकलं. सगळीकडं पोकळ वाजलं.

त्यानं तेव्हाच जिनेंद्रकडं जायला पाहिजे होतं. चपला पायात घातल्याही. पण डोक्यात आलं, हे ऐकलं की उद्याच बोगदा पाडतील. आणि विचारतील, तुला कधीपासून ठाऊक होतं? त्यानं चपला काढल्या. ढेपा मागच्या नालीत टाकला, बाकाची फळी बदलली, शिडी लावली, भगदाड भरलं आणि वरून वेल काढली. घाईत पानं जरा मोठी आली.

रविवारी ग्रुपवर आनंदीआनंद. यंदा वेल लवकर आली! मामांनी जिनेंद्रशेठला वेलीनंच उत्तर दिलं! साक्षीनं त्याच वेलीखाली उभं करून साहेबरावला शाल पांघरली, नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तो छताकडं बघत होता. टाळ्यांच्या आवाजानं पडतंय की काय, ही धास्ती.

घरी चांगुणाबाईनं शालीची घडी घातली. चाळीस वर्षांचा संसार. नवऱ्याच्या जेवणावरून तिला त्याच्या पोटातलं कळायचं.

"सत्कार झाला आन् भाकरी अर्धी ठेवली. काय झालं?"

त्यानं सगळं सांगितलं.

"आपल्या लेकीला, दीपमालेला बसवलं तुम्ही त्याच्यात. तिच्या लेकराला बसवलं."

"तवा एवढं नव्हतं."

"तुम्हाला कसं ठावं? वरून तर रंग दिल्ता."

साहेबरावनं मनाशी एक हिशोब मांडला होता. जिनेंद्र अंतराळ करणार, त्यासाठी कारागीर जुनं प्लास्टर उतरवणारच, नवीन छत होणार. आपण काही बोलायची गरजच पडणार नाही. लोक चार दिवस रडतील. वेलीही जातील, धोकाही जाईल, नावही राहील. म्हणून रविवारच्या बैठकीत सोमेश्वरचा आवाज चढला की त्याला आतून बरं वाटायचं, आणि साक्षीचा चढला की घाम फुटायचा.

घटस्थापनेच्या आधीच्या बुधवारी जिनेंद्र हसत हसत टपरीवर आला. हात जोडून म्हणाला, "चारशे लोकांशी मी भांडू शकत न्हाई. आजोबांचंच जंगल राहू द्या. अंतराळ कॅन्सल. एक वेल पन पुसनार न्हाई, बिलकुल!"

अण्णासाहेबानं त्याला उचललाच. साक्षी रडायला लागली. तिथल्या तिथं ठरलं, रविवारी विजयाची फेरी. सगळे जण लेकराबाळांसह गाडीत बसणार, आणि बोगद्यात गाडी थांबवून प्रत्येकानं आपापली वेल दाखवायची.

"थांबवून?" साहेबरावनं विचारलं.

"थांबवून, ढोल वाजवून!" अण्णासाहेब म्हणाला. "साहेब्या, तोंड का पाडलं? जिंकलास की लेका!"

गुरुवारी साहेबराव जिनेंद्रच्या दुकानापर्यंत जाऊन परत आला. शुक्रवारीही. शनिवारी त्यानं इंजिनात बिघाड करायचं ठरवलं, नळी काढून खिशात ठेवली, आणि पुन्हा लावली. उद्याचं टळेल, पण दिवाळीत काय?

रविवारी चारही डबे गच्च भरले. मांडीवर लेकरं, लेकरांच्या हातात फुगे. ढोलवाला पहिल्या डब्यात. अण्णासाहेब नातीला घेऊन तिसऱ्या डब्यात, त्याच बाकावर. सोमेश्वरसुद्धा हार मानून चौथ्यात बसला होता. साहेबराव इंजिनावर चढला. दांड्यावर हात ठेवला. मग हात काढला आणि खाली उतरला.

"उतरा सगळे."

लोक हसले. मामा आज रंगात आलेत!

"उतरा म्हनतो. जल्दी."

त्यानं शिडीच्या बाजूचा लांब बांबू घेतला आणि बोगद्यात शिरला. माणसं उतरून तोंडाशी गोळा झाली. त्यानं श्रावणातल्या वेलीला बांबू टेकवला. जोर लावायचीही गरज पडली नाही. मोठ्या पानांसकट परातीएवढा तुकडा खाली आला आणि रुळावर फुटला. धूळ बाहेरपर्यंत आली. त्यानं शेजारच्या वेलीला बांबू लावला, तीही आली. सळया उघड्या पडल्या.

"वेली न्हाईत ह्या," साहेबराव म्हणाला. "भेगा हाईत. सगळ्या."

ढोलवाल्यानं ढोल काढून जमिनीवर ठेवला. बायकांनी लेकरं ओढून मागं घेतली. साक्षी म्हणाली, "माझ्या आईनं दाखवलेली, शहाण्णवची?"

"ती पन."

जिनेंद्रचा चेहरा मातीसारखा झाला. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, फाटकाला स्वतःच्या हातानं कुलूप लावलं आणि साहेबरावकडं न बघता म्हणाला, "मामा, तुम्ही मला एका शब्दानं तरी सांगायला पाहिजे होतं. आता तुम्ही घरी जा. मी सांगेपर्यंत येऊ नका."

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, मामानं शेवटी जीव वाचवले. दुसरे म्हणे, शेवटी, म्हणजे इतकी वर्षं काय केलं? कुणीतरी असंही लिहिलं, की मामाला रॉकेटवाल्यांनी फितवलंय, बांबूनं तर चांगलं छतही पडेल.

दिवे लागायच्या सुमाराला अण्णासाहेब घरी आला. चांगुणाबाईनं खुर्ची दिली, चहा ठेवला. तो कपाला शिवला नाही.

"मला एकच सांग. गेल्या दिवाळीत नातीला आनली. तू गाडी हळू केल्ती, मी तिला उचलून वेल दाखवली. तवा त्या वेलीखाली भेग केवढी होती?"

साहेबराव खोटं बोलू शकला असता. त्यानं बोट पुढं केलं.

"एवढी रुंद."

"लांब?"

"ह्या भिंतीपासून दारापर्यंत."

अण्णासाहेब दाराकडं बघत राहिला. मग उठला.

"मी तुला शाळेपासून वळखतो. तू भित्रा हाईस, हे ठावं होतं. पन माझ्या नातीपेक्षा रंग भारी पडंल, हे न्हाई ठावं."

चांगुणाबाई चुलीपाशीच उभी राहिली. अण्णासाहेब उंबऱ्यापर्यंत गेला, वाकून चपला घातल्या. वळला नाही, तसाच पाठमोरा बोलला.

"जिनेंद्रनं उद्या इंजिनीअर बोलवलाय. वाघाच्या मागं, हत्तीच्या वर, कुठं कुठं काय भरलंय ते दुसऱ्या कुनालाच ठावं न्हाई. पाडताना एखाद्या मजुराच्या डोक्यात बसायचं. तू येऊन एकेक दाखव."

"जिनेंद्रशेठ येऊ नको म्हनले."

"मी बोललो त्याच्याशी."

"किती वाजता येऊ?"

"सातला. शाळेची लेकरं त्या रस्त्यानं जायच्या आधी," अण्णासाहेब म्हणाला आणि गेला.